शालीच्या पैशात बूट

क्वीन्स, न्यूयॉर्क
१८ मे

प्रिय मास्तर,

तुझा मेसेज आला तेव्हा मी स्कोअरबुकातल्या बेरजा जुळवत बसलो होतो. बॅटिंगची बेरीज आणि बोलिंगची बेरीज यांत चार धावांचा फरक येत होता, आणि तो सापडेपर्यंत तुला उत्तर द्यायचं नाही असं ठरवून बसलो, तर तिथंच डोळा लागला. फरक दुसऱ्या दिवशी सापडला, त्याची गंमत पुढं सांगतो. आज रविवार आहे, हाताशी वेळ आहे, म्हणून कागदच घेतला. फोनवर हे बोलून होण्यातलं नाही. तू मध्येच ‘बरं ते राहू दे, तिकडं थंडी किती?’ असं विचारणार.

तर तुझा प्रश्न. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली आहे, शाळेच्या खेळाडूंचा जंगी सत्कार करायचा आहे, शाल, श्रीफळ, ट्रॉफ्या, स्टेज, चौकात फ्लेक्स. आणि अमेरिकेतल्या मित्रानं डॉलरमध्ये भर घालावी. भावा, पैसे पाठवतो. पण फ्लेक्सला एक पै देणार नाही. रागावू नकोस, आधी पूर्ण वाच.

तीन वर्षं झाली, मला इथं एक बिनपगारी नोकरी लागली आहे. धाकटा ज्या शाळेत आहे तिच्या क्रिकेट टीमचा मी स्कोअरर. आपल्याकडं पब्लिक स्कूल म्हटलं की टाय आणि फी आठवते. इथं पब्लिक स्कूल म्हणजे शहराची, फुकटची, थेट तुझ्या म्युनिसिपालटीच्या शाळेसारखी. या शाळांची मिळून एक लीग आहे, पब्लिक स्कूल्स अ‍ॅथलेटिक लीग, सगळे पीएसएएल म्हणतात. २००८ पासून तिच्यात क्रिकेट आहे. अमेरिकेतल्या सरकारी शाळांत क्रिकेट! मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मीही असाच हसलो होतो.

मॅच वीस षटकांची, दुपारी चारला, शाळा सुटल्यावर. जागा म्हणजे शहराची एखादी बाग. बेझली पाँड पार्कच्या मैदानावर आम्ही असतो तेव्हा डोक्यावरून केनेडी विमानतळावर उतरणारी विमानं चाकं खाली काढून जातात आणि अंपायरला काही ऐकू येत नाही, त्यामुळं नोबॉल हातवाऱ्यांवरच समजून घ्यायचा. टीम बसनं नाहीतर सबवेनं येते. किटबॅग सबवेच्या दारात अडकते आणि आख्खा डबा आमच्या पोरांकडं बघतो. कोच मूळचे गयानाचे, शाळेत गणित शिकवतात. पोरं गयानाची, त्रिनिदादची, बांगलादेशी, पंजाबी, पठाण, आणि एक आपला कोल्हापुरी, जो जन्मला इथंच पण धाव घेताना ‘पळ की!’ असंच ओरडतो. ते मात्र त्याला मी शिकवलं.

आणि प्रेक्षक? पहिल्या दिवशी मी मोजले. घडीची खुर्ची घेऊन आलेले एक गयानी आजोबा, कुत्रा फिरवायला आलेली एक बाई, आणि मी. बाई कुत्र्यासाठी आली होती, तेव्हा तिला धरू नकोस. मला कोल्हापूरचं शाहू स्टेडियम आठवलं. पाटाकडील आणि दिलबहारची फुटबॉल मॅच असली की आपण पोटतिडकीनं भांडायला जायचो, मॅच बघायला नव्हे. पेठेच्या पोरासाठी गाव लोटतं. पण त्याच पोराची शाळेची मॅच असायची तेव्हा कोण यायचं रे? तू, मी, आणि पी.टी.चे सर शिट्टी घेऊन. सर आजारी पडले तर मॅच रद्द.

इथली ही लीग १९०३ साली निघाली. ल्यूथर गुलिक नावाचा माणूस तेव्हा शहराच्या शाळांच्या शारीरिक शिक्षणाचा प्रमुख होता. हा तोच गुलिक, ज्यानं आधी स्प्रिंगफील्डला असताना नेस्मिथ नावाच्या शिक्षकाला ‘हिवाळ्यात आत खेळता येईल असा काहीतरी खेळ काढ’ म्हणून मागं लागून बास्केटबॉल काढायला लावला. लीगची पहिली मोठी स्पर्धा त्याच वर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झाली. कार्नेगी, रॉकफेलर अशा बड्या मंडळींनी पैसे दिले. हे सगळं तू फ्लेक्सवर छापशील असं. पण मला त्याची आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. त्यानं वर्गावर्गांच्या स्पर्धा काढल्या. पळणं, लांब उडी, पुलअप्स. अट अशी की वर्गातल्या किमान ऐंशी टक्के मुलांनी भाग घेतलाच पाहिजे आणि गुण मोजायचे ते सगळ्यांच्या सरासरीवर. वर्गात एखादा वाऱ्यासारखा पळणारा आहे म्हणून वर्ग जिंकत नाही. शेवटच्या बाकावरचा गुबगुबीत पोरगा दोन बोटं लांब उडी मारू लागला तर वर्ग वर सरकतो. मग काय होतं बघ: त्या गुबगुबीत पोराला संध्याकाळी उडी शिकवायला सगळा वर्ग थांबतो. चष्मा लावून पळणाऱ्या माझ्यासारख्याला आपल्या शाळेत असं कुणी थांबून शिकवलं असतं तर मी आज स्कोअरर झालो नसतो, निदान बारावा गडी झालो असतो.

मुलींना मात्र त्यानं यातून बाजूला ठेवलं. १९०५ मध्ये मुलींची वेगळी शाखा काढली आणि त्यांच्या वाट्याला लोकनृत्यं आली. शाळा विरुद्ध शाळा असं मुलींनी खेळायचं नाही, ते शोभत नाही. वाटतंय ना ओळखीचं? समान संधीचा कायदा यायला इथंही १९७२ उजाडलं. आणि आता बघ, रिओ ऑलिम्पिकला २०१६ मध्ये चारशे मीटर हर्डल्सचं सुवर्ण घेणारी दलिला मुहम्मद आमच्या क्वीन्सच्याच एका सरकारी शाळेची, कार्डोझो हायस्कूलची.

माझी थोरली काही दलिला नव्हे. ती क्रॉस कंट्री पळायची, ब्राँक्सच्या व्हॅन कोर्टलंड पार्कमध्ये. तिथं वाटेत एक चढ आहे, त्याचं नावच सेमेटरी हिल. स्मशानाची टेकडी म्हण. पहिल्यांदा नाव ऐकून तुझ्या वहिनीनं शर्यतीलाच जाऊ नको म्हटलं होतं. क्रॉस कंट्रीत टीमचा निकाल कसा लागतो तुला माहीतच आहे, पहिल्या पाच जणींच्या क्रमांकांची बेरीज, सगळ्यांत कमी ती जिंकली. आमची लेक कायम शाळेची पाचवी. पहिली येणारी दोन-तीन मिनिटं पुढं असते, तिचं अंतर बघून लोक टाळ्या वाजवून मोकळे होतात, पण टीमचं मरण-जगणं पाचवीवर असतं. एकदा ऑक्टोबरच्या पावसात ती शेवटच्या उतारावर चिखलात पडली, उठली आणि समोरच्या दोघींना मागं टाकून आली. कुणाचंच लक्ष नव्हतं. फक्त पहिली आलेली तिचीच मैत्रीण, जी कधीच पोचून अंग पुसून बसली होती, ती दोरीला लटकून ओरडत होती. त्या दोन क्रमांकांनी टीम पुढं गेली. घरी शाल नाही, ट्रॉफी नाही. चिखलाचे बूट मात्र तिनं आठवडाभर धुऊ दिले नाहीत.

इथं सगळं गोड आहे असं समजू नकोस. मोठ्या जुन्या शाळा मोडून एकाच इमारतीत तीन-चार छोट्या शाळा केल्या, आणि अशा पुष्कळ शाळांत मुलांना खेळायला टीमच नाहीत. काळ्या आणि लॅटिनो मुलांच्या वाट्याला कमी टीम्स येतात म्हणून २०१८ मध्ये विद्यार्थ्यांनी थेट शहरावर दावा लावला. विद्यार्थ्यांनी, बरं का. शेवटी तडजोड झाली, नव्या टीम्स काढायच्या आणि शेजारच्या शाळांनी मिळून टीम करायची असं ठरलं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी ‘सगळ्यांनी खेळायचं’ म्हणून काढलेल्या लीगला ‘सगळे म्हणजे सगळे’ हे कोर्टात जाऊन सांगावं लागलं.

आता त्या चार धावांची गंमत. आमचा डावखुरा फास्ट बोलर बांगलादेशातून दोन वर्षांपूर्वी आला. काकाकडं राहतो. इंग्रजी तुटकं, पण यॉर्कर अस्खलित. लीगचा नियम असा की पाच विषयांत पास आणि नव्वद टक्के हजेरी, नाहीतर खेळायचं नाही. पोरगा रात्री काकाच्या दुकानात बसायचा आणि सकाळी पहिल्या दोन तासांना झोपलेला असायचा. एप्रिलमध्ये त्याची हजेरी घसरली आणि कोचनी त्याला बसवलं. पुढची मॅच आम्ही हरलो, तीही त्याच शाळेविरुद्ध जिला त्यानं एकट्यानं गुंडाळलं असतं. आम्ही पालकांनी थोडी कुरकुर केली. मीही केली, लपवत नाही. कोच काही बोलले नाहीत. रविवारी ते त्या दुकानात गेले, एक चहा घेतला, काकाशी तासभर बोलले, आणि पोराची रात्रपाळी शनिवार-रविवारवर आली.

बसवलेल्या काळात त्याला घरी न पाठवता कोचनी माझ्या शेजारी बसवलं, दुसरा स्कोअरर म्हणून. अवांतर धावा तो पेन्सिलनं लिहायचा, सवयीनं बंगाली आकड्यांत. आणि बंगालीतला चार हुबेहूब इंग्रजी आठसारखा दिसतो! लेगबाय चार, मी धरल्या आठ. दुसऱ्या दिवशी त्याला दाखवलं तर इतका हसला की काय सांगू. मग मी त्याला आपला चार काढून दाखवला, तो म्हणाला हा तर अर्धवट पडलेला मासा दिसतो. आता आमच्या स्कोअरबुकात तीन लिपी आहेत. मंगळवारी त्याची हजेरी नव्वदच्या वर गेली की तो परत खेळेल आणि मी पुन्हा एकटा.

बक्षिसांना माझा विरोध नाही. इथंही दर जूनमध्ये प्रत्येक खेळातल्या शेवटच्या वर्षाच्या निवडक खेळाडूंना विंगेट अवॉर्ड देतात. हा जनरल विंगेट लीगचा पहिला अध्यक्ष, यादवी युद्धात लढलेला, बंदुकीचा मोठा शौकीन; त्यानं चक्क शाळांमध्ये रायफल शूटिंग आणलं होतं. नेमबाज तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसाळेच्या जिल्ह्यातल्या मास्तरला हे ऐकून नवल वाटायला नको. अवॉर्ड चांगलंच आहे. पण ते जूनमध्ये एकदा येतं, आणि मॅच दर मंगळवारी असते. मंगळवारी कोण येतं?

तुम्ही मास्तर लोक येता. १९५० च्या सुमाराला इथल्या शिक्षकांनी शाळेनंतरचं काम फुकट करायला नकार दिला, आणि शहरभर शाळांचे खेळ बंद पडले. सँडी कोफॅक्स, पुढं बेसबॉलमधला अतिशय मोठा पिचर, तेव्हा ब्रुकलिनमध्ये शाळकरी पोरगा होता. शाळेत टीमच नाही म्हणून बिचारा ज्यू समाजाच्या सभागृहाच्या टीमकडून बास्केटबॉल खेळला. एवढा हिरा, आणि शिट्टी धरायला माणूस नाही म्हणून रिकामा. पैलवान खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिम्पिकला पाठवायला त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर सरांनी घर गहाण टाकलं, हे आपण भाषणात ऐकत मोठे झालो आणि टाळ्या वाजवल्या. पण कुणी असं का विचारलं नाही की प्राचार्यांना घर गहाण टाकायची वेळ का यावी? तू अजून घर गहाण टाकलं नाहीस हे खरं, पण पोरांच्या एसटीच्या भाड्याचं वहिनींना विचारलं तर त्या वेगळंच सांगतील.

म्हणून माझं ऐक. स्टेज रद्द कर. वर्गणीतून आधी वर्षभराचं जाण्यायेण्याचं भाडं बाजूला काढ, ते तुझ्या खिशातून जाणं बंद. सरावानंतर पोरांना अंडी-केळी. आणि गुलिकची ती सरासरीची स्पर्धा आपल्या शाळेत एकदा लावून बघ, आठवीच्या दोन तुकड्यांत. ऐंशी टक्क्यांची अट सोडू नकोस, नाहीतर ते हुशार वर्गशिक्षक फक्त पळणारी पोरं उतरवतील. माजी विद्यार्थी नाराज होतील, त्यांना सांग की सत्कार मैदानावर आहे, मॅच अमुक वारी चारला, खुर्च्या आपापल्या आणाव्यात. मोठ्या साहेबांना फोटो हवाच असेल तर स्कोअरबुक हातात देऊन काढ.

बुटांचं मी बघतो. माझा मावसभाऊ डिसेंबरमध्ये येतोय, त्याच्या दोन बॅगा मी आत्ताच अडवून ठेवल्या आहेत. अनवाणी पळणाऱ्या पोरापोरींची यादी कर, पण नुसते नंबर पाठवू नकोस, इथले आणि तिथले नंबर जुळत नाहीत, आणि पोरं लाजून खोटा नंबर सांगतात. वहीच्या कागदावर पाय ठेवायला लाव, पेन्सिलनं कडेनं रेघ ओढ, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढ. दोन्ही पायांचा. आणि डिसेंबरपर्यंत पाय वाढणार, तेव्हा कागदावर वयही लिही, मी त्या हिशेबानं घेतो.

वहिनींना नमस्कार. तुझ्या गुडघ्याचं काय झालं ते लिहिलंच नाहीस.

तुझा,
चष्मिस स्कोअरर