गुलाबाचं कलम आणत नाही, त्याबद्दल

मस्कत,
१० मे

ती. स्व. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर म्हणालात, "भावजी, येताना त्या डोंगरावरच्या गुलाबाचं एक कलम आणा." मी हो-नाही काहीच बोललो नाही, म्हणून लिहितो. कलम आणणार नाही. मातीमुळांसकट झाड विमानतळावर अडवतील हे झालंच, पण खरी अडचण हवेची आहे.

जबल अखदर या इथल्या डोंगरावरची ती गुलाबांची गावं २००० मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा उंच. दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्या आणि त्यांतून खेळवलेलं पाटाचं पाणी. एप्रिलमध्ये डोंगर गुलाबी होतो. ऊन चढायच्या आत बायाबापे फुलं खुडतात आणि मातीच्या भट्टीवर अर्क उतरवतात. पण हे सगळं मार्चअखेरपासून मेच्या मध्यापर्यंतच. उरलेलं वर्ष नुसते काटे. ही दमास्क जात, हिवाळ्याची कडक थंडी अंगावर घेतल्याशिवाय धड फुलत नाही. उत्तरेत कनौजकडे अत्तरासाठी लावतात तीही हीच, तिथे थंडी पडते. गुहागरला पौषातही पंखा चालू असतो. झाड जगेल, पण फुलासाठी वाट बघत बसाल.

तेव्हा आपल्याकडे काय होईल ते बघू. बागा सांभाळणं हेच माझं इथलं काम, पण इथे वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस. पानावर बुरशी फारशी दिसत नाही, त्रास होतो तो लाल कोळी या बारीक किडीचा. रत्नागिरी जिल्ह्यात चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या वर कोसळतो. तिथला शत्रू वेगळा. गेल्या पावसात तुमच्या झाडांची पानं काळे ठिपके पडून, पिवळी होऊन गळली ना? त्या बुरशीचं बीज रुजायला पान सलग सातेक तास ओलं राहावं लागतं. आषाढात ते दिवसचे दिवस ओलंच असतं. नर्सरीवाल्याने दिलेल्या खताने त्यावर काही होणार नव्हतं. उलट भर पावसात खत घातलं की कोवळी लुसलुशीत फूट येते आणि तीच आधी सडते.

म्हणून पहिलं काम जागेचं. आगरात पोफळीखाली गुलाब लावू नका, तिथे सावली. सहा तास तरी ऊन हवं, ते खळ्याच्या दक्षिण बाजूला मिळतं. आणि खड्डा तर खणूच नका. जांभ्यात खणलेल्या खड्ड्याची जुलैत विहीर होते, मुळं गुदमरून मरतात. चिरे रचून दीड फूट उंच वाफा करा. त्यात माती, चांगलं कुजलेलं शेणखत, थोडी निंबोळी पेंड आणि नदीची वाळू. समुद्रावरची पुळण फुकट मिळते म्हणून दादा ती आणेल. आणू देऊ नका, खारट असते. आपली माती आंबट, गुलाबाला थोडी कमी आंबट लागते. तिच्यात चुना किती घालायचा ते अंदाजाने ठरवण्यापेक्षा दापोलीला कृषी विद्यापीठात मातीचा नमुना दाखवून घ्या.

लावायचं मात्र आत्ता नाही. पाऊस गेला की, दसऱ्याच्या सुमारास. माझं ऐकाल तर आधी गावठी गुलाबच लावा, शेजारच्या काकूंच्या विहिरीजवळ आहे तो. पेन्सिलीएवढी जाड काडी मागून घ्या, सहज रुजते. फूल लहान, पण वास आहे, आणि देवाला वाहायला मोठं फूल कशाला हवं? चिपळूणच्या नर्सरीतलं टपोरं लाल हवंच असेल तर एक-दोन घ्या, कुंडीत लावा आणि पावसाळ्यात पडवीत पागोळीच्या आत ठेवा. ते डोळा भरलेलं कलम असतं, म्हणजे खाली रानटी गुलाबाचा खुंट आणि त्यावर चांगल्या जातीचा डोळा. जोडाच्या खालून जोमदार फुटवा आला की बरं वाटतं, पण तो खुंटाचा असतो. मुळाशी ओढून काढा, नाहीतर वरचं झाड मरतं आणि रानटी तेवढं उरतं.

जुन्या झाडांची छाटणीही पाऊस संपल्यावर, दसरा-दिवाळीच्या मध्ये. वाळकी, काळी पडलेली काडी हिरवं लागेपर्यंत कापा. बाकीच्या बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर, तिरक्या. पुढे दीडएक महिन्यात कळ्या दिसतात. पाणी सकाळी, बुंध्याशी, पानांवर नाही. ठिपक्यांची पानं वेचून जाळा, खतखड्ड्यात टाकू नका. पानाला कडेने गोल कातरल्यासारखा तुकडा गेलेला दिसला तर औषध शोधत धावू नका. मधमाशीच्या जातीतली एक माशी घरट्यासाठी नेते, झाडाचं काही बिघडत नाही.

दादा सुपारीवर बोर्डो हे बुरशीचं औषध मारतो, त्यातलंच थोडं गुलाबाला चालेल. १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना १०० लिटर पाण्यात, हे सुपारीचं माप. गुलाबाच्या कोवळ्या पानांना ते जहाल पडतं, तेवढंच पाणी आणखी घाला. प्लास्टिकच्या पिंपात करा आणि विळ्याचं पातं बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. उघडीप मिळेल त्या दिवशी, पान कोरडं असताना फवारा, आणि केलेलं त्याच दिवशी संपवा.

वाफा जूनच्या आत बांधून झाला तर बरं, म्हणजे पावसात माती बसेल आणि पाणी कुठून निघतं तेही कळेल. चिऱ्यांचे पैसे मी दादाच्या खात्यावर टाकतो. त्यातून छपराची कौलं घ्यायची नाहीत, एवढं त्याला बजावून सांगा. आईला साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा धाकटा दीर