तोंडी तक्रारीला तारीख नसते

संपादक महोदय,

कळव्यात माझे शिलाईचे दुकान आहे. ओव्हरलॉक मशीनसाठी कर्ज मागितले, तर फाइल परत आली. का, तर माझ्या क्रेडिट रिपोर्टमध्ये (कर्ज आणि परतफेडीच्या नोंदींत) दुचाकीचे जुने कर्ज अजून चालू आणि वर थकबाकी! ते कर्ज कधीच फिटले आहे. कर्ज देणाऱ्या कंपनीचा नाहरकत दाखला माझ्याकडे आहे, आरटीओतून गाडीची एचपीही (गाडीवरच्या कर्जाची नोंद) उतरवून आणली. सरकारी दप्तरी गाडी मोकळी, रिपोर्टात मात्र मी थकबाकीदार.

सगळे या रिपोर्टला 'सिबिल' म्हणतात खरे, पण ते एका कंपनीचे नाव; देशात अशा नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या चार आहेत. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. (स्टेशनबाहेर पैसे घेऊन 'स्कोअर काढून देतो' म्हणणाऱ्यांकडे जायची काही गरज नाही.) कोणत्या बँकेने आपला रिपोर्ट कधी पाहिला, हेही त्यात असते. पण चूक दिसली तरी नोंदी ठेवणारी कंपनी ती स्वतःहून खोडत नाही. कर्ज देणाऱ्याने दुरुस्ती कळवावी लागते.

इथेच घोडे अडते. कर्ज देणाऱ्या कंपनीच्या शाखेतल्या बाई म्हणाल्या, "सिस्टीमवर टाकते, होऊन जाईल." कागद नाही, नंबर नाही. पुन्हा गेले तर टेबलावर दुसरेच कोणी, आणि पहिल्यापासून सगळी कहाणी सांगा.

रिझर्व्ह बँकेचा नियम चांगला आहे. तक्रार केल्यापासून ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. त्यातही कर्ज देणाऱ्याने २१ दिवसांत माहिती दिली नाही, तर ती त्याच्या खिशातून. पण हे दिवस मोजायचे कुठून? काउंटरवर तोंडी सांगितलेल्या गोष्टीला तारीख नसते. ऑनलाइन तक्रार केली की नंबर मिळतो हे मान्य. पण माझ्या दुकानात येणाऱ्या कितीतरी बायकांना इंग्रजीतला तो फॉर्म भरता येत नाही. त्या शाखेतच जाणार.

म्हणून शाखेत तक्रार घेताक्षणी तारीख-शिक्क्याची पोच देणे बंधनकारक करावे, आणि भरपाईचा नियम मराठीत, कर्जाच्या काउंटरसमोर लावावा. व्याजदराच्या जाहिराती तिथे लागतातच, शेजारी एक कागद सहज मावेल.

— एक शिवणकाम व्यावसायिक, कळवा (ठाणे)