जुन्या तारखेवर नवे स्टिकर लावून विकलेल्या भाजीपाला बियाण्यांबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख

विषय: गच्चीवरच्या भाजीपाला संचातील वांगी व मिरचीचे बियाणे न उगवल्याबाबत

महोदय / महोदया,

मे महिन्यात तुमच्या संकेतस्थळावरून गच्चीवरच्या भाजीपाल्याचा संच मागवला होता. बिल सोबत जोडले आहे. संचात टोमॅटो, वांगी आणि मिरचीचे बी, रोपांचा ट्रे, कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वीट आणि माहितीपुस्तिका होती. पुण्यात गच्चीवर उघड्यावर बी टाकले तर वळवाच्या एका सरीत वाहून जाते. म्हणून रोहिणीत घरात, पूर्वेच्या खिडकीशी रोपे करायची आणि आषाढात ती कुंड्यांत लावायची, असा बेत होता.

टोमॅटो आठवड्यात छान उगवला. ट्रेमधल्या वांग्याच्या वीस घरांपैकी फक्त तीन घरांत रोप आले. मिरचीचे एकही आले नाही. मिरचीला वेळ लागतो हे मला माहीत आहे, त्यामुळे पंधरवडा उलटून गेल्यावरच तुम्हाला फोन केला. काहीही न विचारता तुमच्या प्रतिनिधीने सांगितले, “मॅडम, पाणी जास्त झालं असेल.” पाणी जास्त झाले असते तर त्याच ट्रेमधला, त्याच कोकोपीटमधला टोमॅटो आधी कुजला असता. शिवाय शेजारच्याच रांगेत आईने गावाहून दिलेल्या मिरचीचे बी होते. ती रोपे आज चार पानांवर आहेत.

पाकिटात उरलेले मिरचीचे बी मग ओल्या सुती फडक्यात गुंडाळून, डब्यात झाकून ठेवले. फडके रोज तपासत होते. एकाही बीला मोड आला नाही. शेवटी एक बी नखाने दाबले तर ते पिचले, आतून तपकिरी आणि मऊ निघाले. बी मेलेले होते.

आणि ते का मेले होते, ते पाकिटानेच सांगितले. ओल्या हाताने पाकीट उचलले तेव्हा ‘पॅकिंग: एप्रिल’ असे लिहिलेल्या स्टिकरचा कोपरा सुटला. तो हळूहळू पूर्ण सोडवला तर खाली छापलेली तारीख दोन वर्षांपूर्वीची, आणि वैधतेची मुदत केव्हाच संपलेली. वांग्याच्या पाकिटावरही तसेच. दोन्हींचे फोटो जोडले आहेत. टोमॅटोच्या पाकिटावर स्टिकर नव्हते, आणि तोच उगवला.

बियाणे कायदा १९६६ चा आणि त्याखालचे नियम १९६८ चे. त्यांनुसार लेबलवर लॉट क्रमांक (बियाण्याच्या खेपेचा क्रमांक), उगवणीची टक्केवारी आणि चाचणीची तारीख असावी लागते. मिरचीची उगवण किमान ६० टक्के, वांगी आणि टोमॅटोची किमान ७० टक्के हवी, असे केंद्राचे प्रमाणक आहे. प्रमाणित बियाण्याची वैधता चाचणीपासून नऊ महिने असते, त्यापुढे विकायचे तर पुन्हा तपासावे लागते. तुमच्या स्टिकरवर यातले काहीही नाही, नुसता महिना आहे. बी पाकिटात कधी भरले यावरून ते जिवंत आहे की नाही हे कसे कळणार?

दुसरी गोष्ट मला जास्त लागली आहे. मिरचीचे बी गडद गुलाबी होते, म्हणजे त्याला बुरशीनाशक चोळलेले होते. पाकिटावर औषधाचे नाव नाही, खाण्यासाठी वापरू नये अशी सूचनाही नाही. तुम्ही हा संच मुलांना सोबत घेऊन बाग करण्यासाठी म्हणून विकता. माझ्या पहिलीतल्या मुलीने ते बी तळहातावर घेऊन एकेक करून ट्रेमध्ये टाकले. तिला मी लगेच हात धुवायला लावले, पण प्रत्येक घरात हा रंग ओळखणारे माणूस असेलच असे नाही.

पुस्तिकेबद्दलही सांगते. तिच्यात टोमॅटो फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात पेरून ‘शेवटचे हिम पडून गेल्यावर’ मे महिन्यात बाहेर लावा, असे छापले आहे. हे वेळापत्रक थंड देशांतले आहे. आपल्याकडे मे महिन्याच्या उन्हात टोमॅटोची फुले गळून जातात, फळ धरत नाही. नवशिक्या माणसाने हे वाचून तसे केले तर तो बागेचा नादच सोडून देईल. पुस्तिका इथल्या हंगामाप्रमाणे नव्याने लिहून घ्या.

फोनवर तुम्ही मला पुढच्या खरेदीसाठी कूपन देऊ केले होते. ते मला नको आहे. माझ्या मागण्या अशा:

संचाची पूर्ण रक्कम परत करा. या दोन लॉटची विक्री लगेच थांबवा आणि ज्यांना हे बी गेले त्या सगळ्यांना औषधाबद्दल आणि तारखेबद्दल कळवा. कोणाच्या सांगण्यावरून जुन्या तारखेवर स्टिकर लावले गेले, याचा लेखी खुलासा द्या. रोप करण्याचा यंदाचा हंगाम गेला, तो कोणत्याही रकमेने परत येणार नाही. निदान दुसऱ्यांचा रब्बी हंगाम तरी वाचावा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळाले नाही तर कृषी विभागाच्या बियाणे निरीक्षकांकडे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन, आणि गरज पडली तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. दोन्ही पाकिटे, स्टिकर आणि उरलेले बी मी बंद डब्यात जपून ठेवले आहे. तपासणीसाठी हवे असेल तर पंचासमक्ष देईन.

कळावे,
आपली ग्राहक
कोथरूड, पुणे

सोबत: बिलाची प्रत, दोन्ही पाकिटांचे स्टिकरसह व स्टिकर काढल्यानंतरचे फोटो, ट्रेचा फोटो