‘समाधानकारक’ म्हणजे नेमकं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोलीस भरतीबद्दल वर्तमानपत्रांत भरपूर छापून येतं. भरती झालेला माणूस ठाण्यात रुजू झाल्यावर त्याच्या परिविक्षा काळात, म्हणजे कायम होण्याआधीच्या पारखण्याच्या मुदतीत (प्रोबेशन), काय होतं, यावर मात्र फारसं कोणी लिहीत नाही. माझ्या हाताखाली असे अनेक नवे, म्हणजे प्रोबेशनर, काम शिकले, म्हणून हे पत्र.

माणूस एकदा कायम झाला की त्याला घरी पाठवायचं तर चौकशी, साक्षी, अपील असं सगळं मागे लागतं. परिविक्षेत ‘या कामाला योग्य नाही’ असं तुलनेनं सहज म्हणता येतं, पण त्याला कागदावर आधार लागतो आणि नेमका तोच नसतो. मुदत संपत आली की फॉर्म येतात, साहेब एका बैठकीत पाच-सहा जणांचे भरतात आणि सगळ्यांसमोर एकच शेरा पडतो: ‘समाधानकारक’. मीही असे फॉर्म भरलेत. त्यातल्या एकाचा हात कोठडीतल्या माणसांवर लगेच उठतो, असं कानावर येत होतं. मी त्याला एकदा तोंडी समज दिली, पण तारीख, वेळ, प्रसंग यातलं काहीच लिहून ठेवलं नाही. तो कायम झाला. त्या सहीची टोचणी अजून गेलेली नाही.

त्यानंतर मी खिशात वही ठेवू लागलो. एक नवा मुलगा एका बाईंची तक्रार नोंदवत होता. बाई आठवायला थांबल्या की हाच त्यांचं वाक्य पुरं करायचा. घाईत म्हणून नव्हे, मदत म्हणून! त्या रात्री मी लिहिलं, ‘तक्रारदाराच्या तोंडी स्वतःचे शब्द घातले, तीन वेळा.’ दुसऱ्या दिवशी वही त्याच्यासमोर ठेवली. तो वरमला, पण वाद घालायला जागा नव्हती, कारण तिन्ही वाक्यं तिथं लिहिलेली होती. पुढच्या तक्रारीच्या वेळी बाजूला बसून पाहिलं, तर पठ्ठ्या पेन खाली ठेवून नुसता ऐकत होता. ‘संवादकौशल्य सुधारावे’ असा शेरा मारून हे झालं नसतं.

यात नवं काही नाही. अमेरिकेतल्या सॅन होझे शहरात १९७० मध्ये एका नव्या पोलिसाच्या गाडीच्या अपघातात दुसऱ्या गाडीतल्या माणसाचा जीव गेला. त्याची फाईल तपासल्यावर प्रशिक्षणातल्या आणि मूल्यमापनातल्या उणिवा उघड झाल्या. त्यातून तिथं रोजच्या रोज नोंद करायची पद्धत आली: प्रत्येक कामाला १ ते ७ गुण आणि सोबत प्रसंगाचं वर्णन.

पण नोंद करणाराच चुकीचा असेल तर? २५ मे २०२० रोजी अमेरिकेतल्याच मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर गुडघा दाबून त्यांचा जीव घेणारा पोलीस डेरेक शॉविन नव्या पोलिसांना शिकवणारा अधिकारी होता. सोबतचा पोलीस अलेक्झांडर कुएंग याच्या फील्ड ट्रेनिंगचा, म्हणजे प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाचा, काही काळ त्याच्याच हाताखाली गेला होता. थॉमस लेन हाही नवाच, दोघांनाही स्वतंत्रपणे काम करू लागून जेमतेम काही दिवस झालेले. ‘यांना कुशीवर वळवायचं का?’ असं लेननं दोनदा विचारलं. शॉविननं ऐकलं नाही आणि लेन त्यापुढे गेला नाही. २०२२ मध्ये लेन आणि कुएंग दोघेही फेडरल न्यायालयात दोषी ठरले.

हे वाचल्यावर मला आमचे फॉर्म आठवले. आज्ञाधारकपणा, शिस्त, वक्तशीरपणा यांना रकाने होते. वरिष्ठाचा हात चुकत असेल तर हा माणूस तो धरेल का, याला रकाना नव्हता. तो हवा, आणि त्यात प्रसंग लिहिणं सक्तीचं हवं. नवा माणूस कोणाच्या हाताखाली द्यायचा हे नुसत्या सेवाज्येष्ठतेवर ठरू नये. शिकवणाऱ्याविरुद्धच्या तक्रारी आधी वाचाव्यात, आणि पाळी संपल्यावर प्रोबेशनरला एकट्याला बोलावून विचारावं: आज साहेबांचं काय पटलं नाही?

आपला,
एक निवृत्त पोलीस अधिकारी