नफा वहीत, पेटी मात्र रिकामी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत प्रसिद्ध होणाऱ्या यशस्वी उद्योजकांच्या मुलाखती मी नेमाने वाचतो. पहाटे उठणे, जोखीम पत्करणे, अपयशाने खचून न जाणे हे गुण त्या मंडळींमध्ये असतीलच. परंतु तीस वर्षे दुसऱ्यांच्या व्यवसायांचे जमाखर्च लिहिण्यात घालवल्यामुळे मी हेही पाहिले आहे की, हेच सारे गुण अंगी असलेल्या अनेक सचोटीच्या आणि कष्टाळू माणसांना आपला व्यवसाय गुंडाळावा लागला. त्यांची मुलाखत घ्यायला कोणी गेले नाही. त्यांच्या बुडण्याची कारणे बहुतेक वेळा इतकी रुक्ष होती की त्यांचा मथळा होऊ शकला नसता. तीच रुक्ष कारणे आपल्या वाचकांपुढे, विशेषतः नव्याने व्यवसायात उतरणाऱ्यांपुढे, मांडण्याची परवानगी असावी.

लुका पॅचोली हा फ्रान्सिस्कन साधू गणित शिकवत असे. १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने जमाखर्चाची द्विनोंदी पद्धत, म्हणजे प्रत्येक व्यवहार एका खात्यात नावे आणि दुसऱ्यात जमा असा दोनदा लिहिण्याची रीत, तपशीलवार समजावून सांगितली. ती त्याने शोधली नव्हती. तिथले व्यापारी ती आधीपासून वापरत होते आणि त्याने ती नीट लिहून काढली, एवढेच. व्यापाऱ्याला तीन गोष्टी लागतात, असे तो सुरुवातीलाच सांगतो: रोकड किंवा तिच्या तोडीची ऐपत, हिशेबात तरबेज असलेला माणूस, आणि कोणाचे किती देणे व कोणाकडून किती येणे हे नजर टाकताच कळेल अशी मांडणी. पाचशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी या यादीतल्या पहिल्याच गोष्टीकडे नवे व्यावसायिक सर्वांत शेवटी पाहतात, असा माझा अनुभव आहे.

एक साधे गणित करून पाहू. समजा, दरमहा शंभराची विक्री होते, तिच्यासाठी ऐंशी खर्च येतो, खर्च त्याच महिन्यात रोख भागवावा लागतो आणि गिऱ्हाईक मात्र दोन महिन्यांनी पैसे देते. पहिल्या दोन महिन्यांत खिशातून एकशे साठ जातात. तिसऱ्या महिन्यापासून दरमहा वीस उरू लागतात आणि विक्री आहे तेवढीच राहिली, तर दहाव्या महिन्याच्या अखेरीस घातलेले पैसे परत येतात. आता याच व्यवसायाला चांगले दिवस आले आणि विक्री दरमहा २० टक्क्यांनी वाढू लागली, असे समजा. तिसऱ्या महिन्यात विक्री १४४ झाली, म्हणजे खर्च ११५ च्या वर गेला. हाती येणार मात्र पहिल्या महिन्याच्या विक्रीचे शंभर. चौथ्या महिन्यात खर्च १३८ आणि आवक १२०. वहीत दरमहा नफा वाढतो आहे, लोक अभिनंदन करीत आहेत, आणि पेटीतली तूट दर महिन्याला आधीपेक्षा मोठी होते आहे. ही वाढ अशीच चालू राहिली, तर ती तूट कधीच भरून निघत नाही. भरभराटीच्या काळात व्यवसाय बंद पडल्याचे ऐकून लोकांना नवल वाटते. मला मात्र ते आता वाटत नाही.

यावर उपाय आहेत आणि ते अवघड नाहीत. मोठ्या कामाला काही रक्कम आगाऊ घ्यावी. बिल काम पूर्ण झाले त्याच दिवशी पाठवावे. महिनाअखेरची वाट पाहणे म्हणजे स्वतःहून उधारी वाढवणे होय. मुदत संपण्याच्या चार दिवस आधी, बिल मिळाले ना, त्यात काही चूक नाही ना, असे नम्रपणे विचारावे, कारण मुदत उलटल्यावर केलेल्या विचारणेत कितीही नाही म्हटले तरी तगाद्याचा सूर येतोच. आणि पुढच्या तेरा आठवड्यांत कोणत्या आठवड्यात किती येणार व किती जाणार, याचा एक तक्ता करून तो दर आठवड्याला सुधारत जावा. तेरा आठवडे म्हणजे एक तिमाही. त्याहून पुढचे कोणालाच धड दिसत नाही, आणि त्याहून कमी पाहिले तर उपाय करायला वेळ उरत नाही. एरवी धीटपणे बोलणारे कित्येक जण या तक्त्याला भितात, कारण तो भरायला बसले की कोणते गिऱ्हाईक आपल्या पैशांवर स्वतःचा व्यवसाय चालवते आहे, ते उघड दिसू लागते.

व्यवसाय बुडण्याचे दुसरे कारण म्हणजे सवलत. विक्री मंदावली की किंमत दहा टक्क्यांनी उतरवण्याचा मोह होतो आणि दहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. परंतु ज्या मालावर ३० टक्के ढोबळ नफा आहे, म्हणजे शंभराच्या विक्रीतून मालाचा खर्च वजा जाता तीस उरतात, त्यावर १० टक्के सूट दिल्यास प्रत्येक नगामागे तीसच्या जागी वीसच उरतात, म्हणजे पूर्वीइतकाच नफा मिळवायला दीडपट नग विकावे लागतात. नफा २० टक्केच असेल, तर दुप्पट. याउलट, तीस टक्क्यांच्या मालाची किंमत दहा टक्क्यांनी वाढवली आणि चौथा हिस्सा गिऱ्हाईक तुटले, तरी ढोबळ नफा तेवढाच राहतो. किंमत वाढवावी असा सल्ला मी सरसकट देणार नाही, पण सूट जाहीर करण्याआधी हे त्रैराशिक कागदावर मांडलेले किती जण मी पाहिले, असे विचाराल, तर हाताची बोटे पुरतील.

जाहिरातीविषयी मी भीतभीतच लिहितो, कारण आपले वृत्तपत्रही तिच्यावरच चालते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टपालाने माल विकणारे अमेरिकी व्यापारी वर्तमानपत्रात जाहिरातीसोबत कापून पाठवायचे कूपन छापत आणि प्रत्येक वर्तमानपत्राच्या कूपनावर वेगळी खूण ठेवत. कूपने परत आली की कोणत्या जाहिरातीने किती गिऱ्हाईक आणले, हे मोजता येई. आज मोजण्याची साधने कितीतरी अधिक आहेत, तरीही येणाऱ्या नव्या गिऱ्हाइकाला ‘आमच्याविषयी आपल्याला कुठून कळले?’ हा एक प्रश्न विचारून त्याचे उत्तर लिहून ठेवणारे व्यावसायिक विरळाच. सहा महिने ही नोंद ठेवली, तर बहुधा असे दिसेल की ज्यावर सर्वाधिक खर्च झाला त्या मार्गाने फार थोडे आले आणि जुन्या समाधानी गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून बरेच आले. त्या जुन्या गिऱ्हाइकाला मात्र वर्षभरात एकदाही फोन केलेला नसतो.

नोकरी करणाऱ्यांसाठीही थोडे लिहायला हवे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात ओळखीतून नोकरी मिळवलेल्यांना विचारले होते की, ज्या व्यक्तीमुळे नोकरीची माहिती मिळाली, तिला तुम्ही तेव्हा कितीदा भेटत होता? वारंवार, असे सुमारे १७ टक्क्यांनी सांगितले. अधूनमधून, असे सुमारे ५६ टक्क्यांनी, आणि क्वचित, असे सुमारे २८ टक्क्यांनी. कारण उघड आहे: जिवलग मित्रांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते, नवी वार्ता दूरच्या वर्तुळातून येते. पुढे २०२२ मध्ये लिंक्डइन या नोकरी-व्यवसायातील ओळखी जोडणाऱ्या संकेतस्थळाच्या सुमारे दोन कोटी सदस्यांच्या माहितीवर झालेल्या प्रयोगात याला दुजोरा मिळाला, पण एका दुरुस्तीसह: अगदीच नाममात्र ओळखी फारशा उपयोगी पडल्या नाहीत, मध्यम सैल ओळखी सर्वाधिक पडल्या. म्हणून हजारो अनोळखी लोकांना जोडून घेण्याचा खटाटोप करण्यापेक्षा पूर्वीच्या सहकाऱ्यांची, एखाद्या कामापुरत्या भेटलेल्या माणसांची वर्षातून एकदा तरी विचारपूस करावी, आणि तीही नोकरी हवी असताना नव्हे, तर आधी. याच्या जोडीला महिनाअखेरीस आपण कोणते काम केले आणि त्याने किती वेळ, किती पैसा वा किती चुका वाचल्या, हे चार ओळींत लिहून ठेवावे. पगारवाढीच्या बोलणीत ‘मी खूप मेहनत करतो’ या वाक्यापेक्षा त्या चार ओळींचा उपयोग अधिक होतो.

शेवटी एक विनंती. आपल्या पुरवणीत महिन्यातून एक जागा बंद पडलेल्या व्यवसायाच्या मालकासाठी राखून ठेवावी आणि नाव न छापण्याची त्याची अट मान्य करावी. त्याला बालपणाविषयी, प्रेरणेविषयी काही विचारू नये. शेवटच्या वर्षी येणी किती थकली होती, देणी किती होती आणि ती तफावत त्याच्या प्रथम लक्षात कोणत्या महिन्यात आली, एवढेच विचारावे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त लेखापाल