मेंदूची तपासणी आधी डोळ्यांनी व्हावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत मेंदूच्या तपासणीवर आलेला लेख वाचला. पन्नाशीनंतर प्रत्येकाने एकदा तरी मेंदूचा एमआरआय करून घ्यावा, असा त्याचा एकंदर सूर होता. त्याच पानावर खाली 'संपूर्ण मेंदू तपासणी'च्या पॅकेजची जाहिरातही होती. योगायोग म्हणू या. लेखकाच्या हेतूबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण हे पॅकेज आमच्या घरात एकदा होऊन गेलंय, म्हणून गप्प बसवेना.

माझ्या वडिलांचा उजवा खांदा आखडला. निदान झालं फ्रोजन शोल्डर. शेक, इंजेक्शन, व्यायाम यांत दीड वर्ष गेलं. खांदा थोडा सुटला, पण हात काही मोकळा होईना. शर्टाची बटणं लावायला दहा-दहा मिनिटं लागायची. चालताना तो हात अंगाला चिकटलेला असायचा. आम्ही म्हणायचो, दुखतो म्हणून हलवत नाहीत. आवाज खाली गेला, तर म्हटलं वय झालं. चेहऱ्यावरचं हसू गेलं, तर म्हटलं निवृत्तीनंतर माणूस असा होतोच. प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे उत्तर तयार होतं.

मग कुणीतरी सुचवलं म्हणून एका केंद्रात ते पॅकेज केलं. एमआरआय, रक्ताच्या डझनभर तपासण्या, शिवाय कॉम्प्युटरवर स्मरणशक्तीची चाचणी. ती चाचणी इंग्रजीत होती आणि वडील आयुष्यभर मराठीत हिशोब करत आलेले. तिचा निकाल 'किंचित कमी', बाकी सगळं 'वयोमानानुसार'. फाईल एवढी जाड की पिशवीत मावेना. त्या दिवशी आम्ही तिथे चार तास होतो. त्या चार तासांत एकाही माणसाने त्यांना "जरा चालून दाखवा" म्हटलं नाही. रिपोर्ट नॉर्मल आला या आनंदात आम्ही पुढचे आठ महिने स्वस्थ बसलो.

शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी न्यूरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मेंदू आणि नसांच्या तज्ज्ञाकडे, चिठ्ठी दिली. हे न्यूरॉलॉजिस्ट नाव पुकारायला स्वतः दारात आले आणि तिथेच उभे राहून वडील खुर्चीतून कसे उठतात, कसे चालत येतात ते पाहत राहिले. फाईल न उघडताच बाजूला ठेवली. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर भराभर आपटायला सांगितली. डावा हात नीट चालला. उजव्या हाताची बोटं आधी लांब उघडली, मग कमी, मग आणखी कमी, आणि थांबलीच. मनगट हातात घेऊन फिरवून पाहिलं. मग कोरा कागद पुढे केला, "काका, एकच वाक्य पाच वेळा लिहा." पहिली ओळ त्यांच्या नेहमीच्या वळणाची होती, पाचवी मुंग्यांची रांग.

नंतर ते आईकडे वळले. वास येतो का यांना? पोट साफ होतं? झोपेत बडबडतात? आई म्हणाली, "बडबडतात काय, लाथा मारतात. मी केव्हाची वेगळी झोपते." "केव्हापासून, काकू?" "झाली की आठ-दहा वर्षं." हा प्रश्न आजवर तिला कुणी विचारलाच नव्हता. सगळ्यात शेवटी औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली. चक्करेवरची सिनारिझिन किंवा उलटीवरची काही औषधं लांबली, तर त्यांनीही अशीच लक्षणं दिसू शकतात, ते आधी पाहायचं होतं. तसं काही निघालं नाही. वडिलांना पार्किन्सन्स आहे. वास जाणं, पोट साफ न होणं आणि झोपेत हातपाय झाडणं हे या आजारात हात आखडण्याच्या कितीतरी आधीपासून असू शकतं, म्हणून आईला ते प्रश्न. हे सगळं व्हायला अर्धा तासही लागला नव्हता.

आपण मराठीत याला कंपवात म्हणतो आणि तिथेच फसतो. कंप नाही, म्हणजे कंपवात नाही, असं आम्ही धरून चाललो. सुरुवातीला हात अजिबात न थरथरणारे रुग्ण पुष्कळ असतात. आखडणं आणि मंदावणं, एवढंच दिसतं. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली हा आजार पहिल्यांदा नीट मांडला तो सहा रुग्णांवरून, आणि त्यांतले काही त्यांनी चक्क रस्त्यात चालताना पाहिलेले होते. दोनशे वर्षांनंतरही निदानाचा मुख्य आधार बघणं आणि विचारणं हाच आहे. साधा एमआरआय या आजारात बहुधा स्वच्छच येतो. तो करायचा तो दुसरं काही नाही ना, हे पाहायला. तेव्हा आमचा रिपोर्ट खोटा नव्हता. आम्हाला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर त्यात नव्हतं, इतकंच.

बरं, काहीच तक्रार नसलेल्या माणसाने 'सहज' स्कॅन केला तर? नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम इथे सर्वसामान्य वस्तीतल्या २००० लोकांचे मेंदूचे एमआरआय केले होते. २००७ साली त्याचे निष्कर्ष आले. ७.२ टक्के लोकांत जुन्या, कधी जाणवलेल्याही नाहीत अशा लकव्याच्या खुणा सापडल्या, १.८ टक्क्यांत रक्तवाहिनीला फुगा आणि १.६ टक्क्यांत साध्या, कर्करोग नसलेल्या गाठी. यांतल्या बऱ्याच गोष्टींना नुसतं लक्ष ठेवण्यापलीकडे काही करावं लागत नाही. पण डोक्यात फुगा आहे हे एकदा कळलेल्या माणसाला शांत झोप कोण देणार? त्या पॅकेजमध्ये ती नसते.

मी यंत्राच्या विरोधात आहे असं कृपया समजू नये. घरात कुणी पडलं, डोक्याला किरकोळ लागलं, आणि दोन-तीन आठवड्यांनी ते माणूस गुंगीत राहायला लागलं, विसरायला लागलं, तर स्कॅन लगेच हवा, कारण कवटीखाली हळूहळू रक्त साठलेलं असू शकतं आणि ते काढता येतं. लकव्यात तर मिनिटामिनिटाचा हिशोब आहे. मोठी रक्तवाहिनी तुंबली की मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी रक्तस्राव नाही हे सीटी स्कॅनवर दिसावं लागतं. म्हणून घरच्या घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नये, आणि माणूस शेवटचं ठणठणीत केव्हा दिसलं ती वेळ लक्षात ठेवून जावं. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला आणि दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं, तरी "बरं वाटतंय, उद्या बघू" करू नये. पुढच्या दोन दिवसांतच खरा झटका येण्याचा धोका सर्वांत जास्त असतो.

आणि तपासणीच करायची हौस असेल, तर रक्तदाब मोजा. साखर, कोलेस्टेरॉल बघा. कान तपासून घ्या. हसू नका! स्मृतिभ्रंशावर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ साली टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली, त्यांत ऐकू कमी येणं, दिसणं कमी होणं, रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, एकाकीपणा हे सगळं आहे. ही कारणं दूर झाली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज आहे. विसरभोळेपणा नव्याने सुरू झाला असेल तर बी-१२ आणि थायरॉइड पाहावं, मनाची उदासी आहे का ते विचारावं. स्मरणशक्तीची चाचणी माणूस ज्या भाषेत विचार करतो त्या भाषेत व्हावी आणि त्याचं शिक्षण लक्षात घेऊन तिचे गुण वाचावेत, ही तर मी हात जोडून विनंती करते.

तज्ज्ञाकडे गेलो म्हणजे काम संपलं, हाही आमचा भ्रमच होता. गोळी सुरू झाली, पण ती घड्याळ लावून द्यावी लागते, आणि एकदम बंद करून चालत नाही. गेल्या वर्षी दुसऱ्या कारणासाठी वडिलांना रुग्णालयात ठेवलं, तेव्हा तिथल्या वेळापत्रकात गोळी दोन तास पुढे गेली आणि ते पलंगावर लाकडासारखे पडून राहिले. न्यूरॉलॉजिस्ट तीन महिन्यांनी भेटतो. मधले दिवस निभावतात ते फिजिओथेरपिस्ट, आवाजाचे आणि गिळण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाई, आणि आई.

निदान झालं त्या रात्री मी वडिलांच्या हिशोबाच्या जुन्या डायऱ्या काढल्या. तीन वर्षांपूर्वीच्या पानावर दिवसाच्या नोंदीला सहा ओळी पुरत नव्हत्या. अलीकडच्या पानावर तेवढाच मजकूर दोन ओळींत. हे आम्ही रोज टेबलावर पाहत होतो, आणि अण्णा हल्ली काटकसर करतात म्हणून त्यांची थट्टाही करत होतो.

पुढच्या पुरवणीत जागा असेल तर डॉक्टरांनी आईला विचारलेले ते तीन प्रश्न छापा. जाहिरातीच्या वर छापलेत तर फारच बरं.

आपली,
एक वाचक