ओढ्यांची तोंडं मोकळी ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुलै उजाडला की आपल्या पेपरात एक बातमी ठरलेली असते. कल्लोळ-येडूर बंधारा पाण्याखाली, मलिकवाड-दत्तवाड पाण्याखाली, जत्राट-भिवशी पाण्याखाली. नावं तीच, तारीख तेवढी बदलते. आणि शेवटी एक ठरलेलं वाक्य : ‘नदी पात्राबाहेर पडली.’ मला त्या वाक्याबद्दल लिहायचं आहे.

चिकोडी तालुक्यात दूधगंगेकाठी माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पाऊस लागला की काठावरच्या पाणी उपशाच्या मोटारी वर ओढायची एकच धांदल उडते. ज्यांना जमत नाही त्यांच्या मोटारी दोन-चार दिवसांनी माझ्याकडं येतात. नदीकाठच्या माणसाचं पाण्यावर लक्ष असतं, तो ट्रॅक्टर लावून मोटार आधीच वर घेतो. म्हणून माझ्याकडं येणारी पहिली भिजलेली मोटार बहुतेक वेळा नदीची नसतेच. ती येते मागच्या लवणातून म्हणजे खोलगट रानातून, तळ्याच्या कडेवरून, नदीपासून अर्धा-पाऊण किलोमीटर आतून. मालक हेच म्हणतो, “अजून काठ कोरडा हाय की हो, मग पाणी आलं कुठनं?”

आलं ते ओढ्यातनं. नदीचा काठ हा तिच्या रानातला उंचवटा असतो, हे रस्त्यावरून जाताना लक्षात येत नाही. पूर पात्रातून बाजूला पसरला की पाण्याचा जोर मोडतो. जड वाळू तिथंच काठावर पडते आणि हलका गाळ आत वाहत जातो. वर्षानुवर्षं हे चाललं की काठ चढतो, मागचं रान खोलगट राहतं, त्या खोलगटात तळं साठतं. तळ्याचा ओढा फिरत फिरत खालच्या अंगाला नदीला मिळतो. नदी चढली की पाणी त्या तोंडातून उलटं आत शिरतं. आम्ही म्हणतो, तुंब लागली. नदी पात्राबाहेर पडल्याची बातमी छापून येते तोवर ती मागच्या दारानं कधीच आत आलेली असते.

दुकानातली एक गोष्ट सांगतो. काठावरची बुडालेली मोटार खोलली तर बेअरिंगमध्ये करकरीत वाळू निघते, बोटात चुरचुरते. तळ्याकडची खोलली की लोण्यासारखा काळा गाळ, वाइंडिंगच्या फटीफटीत बसलेला. ब्रशनं निघत नाही. भट्टीत वाळवली की त्याचे पापुद्रे सुटतात. दोन्ही मोटारी एकाच पुरात बुडालेल्या! आमच्या वडिलांच्या पिढीला हा काळा गाळ फुकटचं खत होता. पाणी ओसरेल तशी तळ्याची कड उघडी पडायची आणि त्या ओलीवर लोक हरभरा, शाळू टाकायचे. खताची पिशवी नाही की पाण्याची पाळी नाही.

गाळाइतकंच मोठं काम माशांचं. मृगाच्या पहिल्या पावसात ओढ्याला चढणीचे मासे लागायचे. पोरं बुट्टी, धोतर, हाताला येईल ते घेऊन पळायची. ते मासे प्रवाहावर का चढतात हे कोणी विचारत नव्हतं. आमच्या गावातले अंबी मामा, ज्यांची उभी हयात नाव आणि जाळ्यात गेली, ते म्हणायचे, “मासा ऱ्हातोय नदीत, पण वितोय तळ्यात.” पुराच्या नदीचं पाणी गढूळ आणि धावतं, त्यात पिल्लू टिकत नाही. तळ्यात पाणी थांबतं, गाळ खाली बसतो, ऊन आत जातं, शेवाळ धरतं, बारीक किडे होतात. पिल्लांना तेच खायला. पाणी उतरायला लागलं की ती ओढ्यावाटे नदीत परत जातात.

माझी पुतणी पर्यावरणशास्त्र शिकते. मामांचं हे बोलणं तिला सांगितलं तर तिनं मोबाईलच पुढं केला. ब्राझीलच्या ॲमेझॉनमध्ये मनौस शहराजवळ नदी दरवर्षी सरासरी १० मीटर चढते-उतरते. काठची हजारो तळी नदीला जोडतात, पुन्हा सुटी होतात. १९८९ साली युंक, बेली आणि स्पार्क्स या तिघा शास्त्रज्ञांनी या चढउताराला ‘फ्लड पल्स’ हे नाव दिलं, त्याचं मराठी मी ‘पुराची नाडी’ असं करतो. उष्ण मुलखात पाऊस ठरल्या हंगामात येतो, म्हणून मासे, झाडं, पाखरं सगळ्यांनी आपलं वेळापत्रक त्या नाडीला बांधलेलं असतं. कंबोडियात तर पावसाळ्यात मेकाँग इतकी चढते की टोन्ले साप तळ्यातून येणारी नदी उलटी वाहायला लागते आणि तळं पसरून चार-पाच पट होतं. नोव्हेंबरच्या सुमारास प्रवाह पुन्हा फिरतो, तेव्हा तिथं सण असतो आणि होड्यांच्या शर्यती होतात. सांगलीला कृष्णेत शर्यती बघितलेल्या माणसाला हे वाचून बरं वाटलं. आमच्या ओढ्याची तुंब म्हणजे त्याचाच धाकटा भाऊ. फक्त त्याचा सण कोणी करत नाही.

उलट त्याचं तोंड बुजवतात. २०१९च्या महापुरानंतर आमच्या ओढ्यावरचा रस्ता उंच झाला. भराव टाकला ते बरंच झालं, रुग्णाला न्यायला वाट राहिली. पण जुन्या दगडी मोरीच्या जागी सिमेंटचे तीन पाईप टाकले. पाईपचं तोंड माझ्या दुकानाच्या शटरपेक्षा अरुंद, त्यात केंदाळ आणि प्लास्टिक अडकलेलं. २०२१च्या पुरात पाणी काठावरून आत आलं, नदी उतरली, पण लवणातलं पाणी तीन आठवडे हललं नाही. शेंड्यात गाळ गेलेला ऊस उभ्यानं कुजला, राहिला त्याला पांगशा म्हणजे कांडीवरच कोंब फुटले. गवत, पाचट पाण्यात कुजली की पाण्यातला प्राणवायू जातो, मग मासे वर येऊन तडफडतात. हे ब्राझीलच्या पांतानालमध्येही होतं, पण आमच्याकडं ते तीन पाईपांनी केलं. आता तळ्यात चिलापी आणि एखादी मरळ, बाकी काही गावत नाही. मरळ हवेतला श्वास घेते म्हणून टिकली.

यावर उपाय म्हणून काही जण सांगतात, तलाव भरणी योजनेतून तळ्यात पाणी सोडून घ्या, बारमाही भरलेलं ठेवा. पाण्यासाठी तरसणाऱ्या अथणीकडच्या तलावांना ती योजना वरदान असेल, मी त्यावर बोलत नाही. नदीकाठच्या तळ्याची गोष्ट वेगळी. मणिपूरचं लोकटाक बघा. १९८३ साली इथाई बॅरेज झालं आणि तळ्याची पातळी कायम चढी राहिली. तिथली फुमदी, म्हणजे वनस्पतींची तरंगती बेटं, पूर्वी उन्हाळ्यात तळाला टेकायची आणि मुळांनी पोषण घ्यायची. आता बारमाही तरंगून पातळ होत चालली, आणि त्यांच्यावर जगणारं सांगाई हरीण अडचणीत आलं. तिथं पाणी भरपूर आहे, चढउतार गेला.

खाली कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाच्या उंचीचा वाद मी टाळतोय असं कोणी म्हणेल. टाळत नाही. धरणाची आजवरची ५१९.६० मीटर पातळी आणि कृष्णा पाणीतंटा लवादानं २०१० साली मुभा दिलेली ५२४.२५६ मीटर, हे आकडे आमच्या कट्ट्यावर पाठ आहेत, आणि धरणामागं तुंबून वर चढणाऱ्या पाण्याची, फुगवट्याची काळजी खरीच आहे. पण वर काळम्मावाडी धरणातून किती सोडलं आणि अलमट्टीत किती अडवलं हे आमच्या हातात नाही. गावच्या ओढ्याचं तोंड आहे. बेळगावकरांना बळ्ळारी नाल्याच्या काठची भातशेती दरवर्षी बुडताना दिसते, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

दोन मागण्या आहेत. एक रस्ते बांधणाऱ्यांकडं : भराव टाकलेल्या प्रत्येक ओढ्यावर पाईप काढून रुंद, उघडी मोरी द्या, आणि हे काम मे महिन्याच्या आत करा. दुसरी आपल्याकडं. बंधाऱ्यांची यादी छापता, तशी यंदा तोंड बुजलेल्या ओढ्यांचीही छापा. वार्ताहराला पाठवा, मी बरोबर फिरतो. फक्त गमबूट घालून यायला सांगा, तीन पाईपांपर्यंत जायला सध्या गुडघाभर चिखलातून वाट आहे.

आपला वाचक,
एक मोटार रिवाइंडिंगवाला,
दूधगंगाकाठ, ता. चिकोडी, जि. बेळगाव